साडूंची काडी

जगात सरळ फिरणारी वस्तू एकच आहे आणि ती लातूरला आपल्या लाकडी पेटीत तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहे, याबद्दल आमच्या थोरल्या साडूंना कधीच शंका नव्हती. ती वस्तू म्हणजे ड्रिल मशीनचा जुना चक, भोक पाडणारं ड्रिलचं पातं जबड्यात घट्ट धरणारा मुठीएवढा लोखंडी गोळा. बाकी सगळं जग 'आऊट मारतं', म्हणजे फिरताना मधोमध न राहता डोलतं, असं त्यांचं म्हणणं. पंगतीतला वाढपी आऊट मारायचा, सनईवाला तर फारच. साडूंच्या कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे तेवढे आखल्यासारखे सरळ. माझ्या लग्नात त्यांनी माझा हात हातात घेतला, दाबला, जरासा फिरवला आणि सासऱ्यांना भर मांडवात सांगितलं, "मामा, पकड बरी हाय. पण जरा आऊट मारतो."

साडू नवा चक घ्यायला गेले की दुकानदार असतील तेवढे चक समोर मांडून चहा सांगायचा. आपली दुपार गेली हे त्याला ठाऊक असायचं. आधी चावीने जबडे मिटवायचे, तिन्ही एकदम टेकले पाहिजेत. मग चक कानाशी नेऊन फिरवायचा. त्यातून उरतील ते आपल्या वर्कशॉपात आणून मशीनला लावायचे, प्रत्येकात एक सरळ सळई धरायची, मशीन हळू सुरू करायची आणि काडेपेटीतली काडी सळईच्या अगदी जवळ न्यायची. मधली फट सारखी राहिली तर चक पास, कमीजास्त झाली की परत दुकानात. ही काडी ते कुणाच्या हाती देत नसत. एकदा मी हात पुढे केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, धाकले. काडी धराया आधी माणूस थिर लागतो." त्या दिवसापासून मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. ती काडी तेवढी पाहिजे होती.

तसं मीही नायगावला वर्कशॉप टाकलं होतं. लातूर जिल्हा नवानवा झालेला, कचेऱ्यांच्या पाट्यांना भोकं पाडता पाडता साडूंना फुरसत नव्हती. आमच्याकडे दुष्काळ, त्यामुळे हातपंपांची कामं. साडूंना न विचारता मी नांदेडहून एक चक उचलून आणला. पारख एकच केली, त्यात तोंड दिसत होतं. दुकानातच मी त्यात बघून भांग पाडला. त्या चकाने गावच्या हातपंपाच्या बैठकीला, म्हणजे खालच्या लोखंडी पाटाला, भोकं पाडली, ती अशी ऐसपैस पडली की नट कितीही आवळा, पंप झुलायचा. रांगेतली एक म्हातारी घागर आपटून ओरडली, "ओ मिस्तरी, पंप बसवलाव का पाळणा बांधलाव?"

लातूरला निरोप धाडला. साडू पेटी पोटाशी धरून एस.टी.तून उतरले. माझा चक हाती घेऊन त्यात त्यांनी आधी स्वतःच्या मिशा न्याहाळल्या. "आरसा म्हणून लई चांगला हाय. न्हाव्याला देऊन टाका." मग आपला चक लावून त्यांनी नवी बैठक करून दिली. पंप खांबासारखा उभा राहिला, घागरी भरल्या, म्हातारीने साडूंना गूळपाणी दिलं आणि माझ्याकडे बघून नुसतं नाक मुरडलं. काडी तेव्हाही मला मिळाली नाही.

पुढे साडू थकले. लातूरला गेलं की एकच तक्रार ऐकायला मिळायची. "माल बिघडला, धाकले. एक चक धड येत न्हाई." दुकानदार बिचारा पोत्याने चक दाखवायचा, साडू पोत्याने परत करायचे. एका संध्याकाळी त्यांनी पेटीतला तो जुना चक काढला, मशीनला लावला, सळई धरून मशीन सुरू केली, काडी जवळ नेली आणि त्यांचा चेहराच उतरला. "ह्यो बी?"

मी वाकून पाहिलं. सळई जागच्या जागी सरळ फिरत होती. काडी हलत होती.

"हाव," मी म्हणालो, "जुना झालाय. जरा आऊट मारतोय."

साडूंनी मशीन बंद केली. मग मिशीत हसले. "खोटं बोलताना तुमी अजून बी आऊट मारता, धाकले." आणि काडी माझ्यापुढे केली. "धरा."

मशीन सुरू झाली. मी श्वास रोखून काडी धरली.

"काय म्हणतोय?"

"सरळ हाय."

"मग बरं हाय," साडू म्हणाले, आणि आपले दोन्ही हात त्यांनी त्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून घेतले.