मागचं धूसर करणारा महेंद्र

काष्टीच्या महेंद्रला बैलांनी जेवढं मारलं तेवढं त्याच्या बापानेही मारलं नसेल, आणि बाप काही हात आखडता घेणारा नव्हता. एका खोंडाने त्याची बरगडी मोडली, दुसऱ्याने मांडी फाडली, तिसऱ्याने तर त्याला काटेरी कुंपणापलीकडे भिरकावलं. तरी हा गडी जखमेवर फडकं बांधून पुन्हा मोबाईल घेऊन बैलापुढे हजर. बघणाऱ्याला चीड यावी असा नाद होता त्याचा.

शर्यतीच्या बैलांचे फोटो काढण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बैल असा स्वच्छ यायचा की पाठीवरचा केस न् केस दिसावा, आणि मागचा उकिरडा, पत्र्याचं शेड, वाळत घातलेली धुणी, सगळं धूसर होऊन जायचं. मोठा कॅमेरा त्याच्याकडे कधीच नव्हता. मोबाईलमधला पोर्ट्रेट मोड आणि अंगातली रग, एवढ्यावर सगळा कारभार. लांब उभं राहिलं की मागचं नीट धूसर होत नाही, म्हणून तो थेट शिंगांच्या टप्प्यात जाऊन उभा राहायचा. मालकाला एकच गोष्ट बजावायचा, "बैल भिंतीपासून लांब आना. मागं मोकळं पायजे, तवाच धूसर हुतं."

आदिनाथच्या मळ्यावरही त्याने तेच बजावलं. आदिनाथचा तुफान म्हणजे जनावर कमी आणि गुंड जास्त. नुकताच त्याने खुंटा उपटून एका गड्याचा हात मोडला होता, आणि आदिनाथ ते लोकांना हसत हसत सांगत होता. बैलाच्या मारकेपणाचाच त्याला माज. दोघा गड्यांनी दोन्हीकडून कासरे ताणून तुफानला मोकळ्या खळ्यात आणलं. बैल फुरफुरत होता, खुराने माती उकरत होता.

"कासरा दिसाया नको फोटूत. सोडा रं," आदिनाथ म्हणाला.

"भाऊ, मोकळा सोडून न्हाई जमायचं."

"भ्याला व्हय? मग लग्नातल्या बायांचे फोटू काढ जा."

गडी फिदीफिदी हसले. ते महेंद्रला झोंबलं. शहाण्या माणसाने इथूनच पाठ फिरवली असती, पण शहाणपण आणि महेंद्र यांची कधी गाठ पडली होती? तो उलट दोन पावलं पुढे सरकला आणि म्हणाला, "सोडा."

कासरे खाली पडले. महेंद्रची नजर स्क्रीनवर खिळलेली. तुफानचं डोकं, तांबारलेला डोळा, नाकपुडीतून उडणारे तुषार. बैलाच्या मागे लांबवर काहीतरी हिरवं हललं. स्क्रीनवर तो नुसता पुसट डाग होता. लिंबाची फांदी असेल असं समजून त्याने बटण दाबलं. मोबाईलचा खटका वाजला तसा बैल बिथरून गर्रकन मागे फिरला आणि त्या हिरव्यावर धावून गेला.

तिथे हिरव्या लुगड्यात राहीबाई उभी होती. आदिनाथच्या गोठ्यात शेणकाढणीला येणारी, महेंद्रच्या शेजारच्या जालिंदरची बायको. महेंद्र तिला वहिनी म्हणायचा. तिला पळायला वेळच मिळाला नाही. शिंग पोटात शिरलं. बैलाने तिला उचलून आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. गडी काठ्या शोधत सैरावैरा पळाले. महेंद्रने मोबाईल फेकला आणि बैलाच्या तोंडावरच झेप घेतली. वेसण मुठीत धरून पिळली. बैलाने त्याला खळ्यावरून फरफटत नेलं, गुडघ्यांची सालटी निघाली, एक बोट उलटं वळलं, पण त्याने मूठ सोडली नाही. तेवढ्यात गड्यांनी काठ्या घालून घालून जनावर मागे रेटलं.

राहीबाईला जीपमध्ये घातलं तेव्हा तिचा श्वास चालू होता. महेंद्रने तिच्या पोटावर आपला शर्ट दाबून धरला होता. दवाखाना येण्याआधीच तिने त्याच्या मांडीवर जीव सोडला.

दवाखान्यातून तो थेट मळ्यावर परतला. आदिनाथ बाजेवर बसून महेंद्रचाच मोबाईल चाळत होता. मघाशी उघडा पडलेला मोबाईल त्याने उचलला होता, फोटो स्वतःला पाठवला होता आणि स्टेटसलाही लावून टाकला होता. वर लिहिलं होतं, तुफानचा नाद करायचा नाही.

"राही वहिनी गेली," महेंद्र म्हणाला.

"वाईट झालं," आदिनाथ म्हणाला, आणि लगेच, "पर फोटू एक नंबर आलाय बग. बाई कुटं दिसत पन न्हाई."

महेंद्रने बाजूला पडलेला खुंटा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दात तुटून बाजेवर पडले. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसरा बसण्याआधी गडी धावून आले आणि त्यांनी महेंद्रला लाथाबुक्क्यांनी तुडवलं, मघाशी बैलाला मारलं नव्हतं तेवढं मारलं. मग त्याला ओढत नेऊन रस्त्यावर टाकलं आणि मोबाईल त्याच्या छातीवर फेकला.

तो तसाच धुळीत पडलेला असताना मोबाईल वाजला. जालिंदरचा मेसेज होता. जालिंदर सकाळीच टेम्पो घेऊन सोनईकडे गेला होता, आणि त्याला कळवायचं कोणी, यावरच वस्तीत रडारड चालली होती. त्याने नुसतं आदिनाथचं स्टेटस पाहिलं होतं. "लई भारी फोटू काढलास. मागं ते हिरवं काय हाय रं?"

महेंद्रने एका डोळ्याने फोटो उघडला. दुसरा सुजून मिटला होता. धूसरपणा कमी-जास्त करायची पट्टी त्याने मोडक्या बोटाने पार शून्यावर ओढली. राहीबाई स्पष्ट झाली. शेणाची पाटी तिने पायाशी ठेवली होती आणि दोन्ही हातांनी पदर सारखा करत ती मोबाईलकडे बघत होती. ओठ मिटून हसत होती. आपणही फोटोत येतोय असंच वाटलं होतं तिला.

महेंद्र रस्त्यावर पडल्या पडल्या हमसून हमसून रडला. मग त्याने जालिंदरला फोन लावला. पलीकडून टेम्पोचा आणि गाण्याचा आवाज येत होता.

"दादा," महेंद्र म्हणाला, "टेम्पो कडंला घे आधी."