आमच्या शरयूचे डोळे

माझ्या मुलीने मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती घाबरून रडली.

चार महिन्यांची होती. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशन्स झालेली. इतक्या लहान बाळाला आत लेन्स बसवत नाहीत म्हणून जाड भिंगांचा चष्मा, डोक्यामागून इलॅस्टिकने बांधलेला.

तोवर ती मला हाताने ओळखायची. मिशी चाचपून.
आता चष्म्यातून एकदम एवढं मोठं तोंड समोर आलं, आणि तिने भोकाड पसरलं.

मी तिचा हात धरून माझ्या मिशीवर ठेवला.
ती थांबली. चाचपत राहिली. बघत राहिली.

वर्षा, माझी बायको, म्हणाली, "ओळखलं तिने."

शरयूला जाऊन आज एक वर्ष झालं. साडेचार वर्षांची होती.

बऱ्याच जणांनी तेव्हा विचारलं होतं, नेमकं काय झालं होतं तिला? त्या वेळी बोलायचं बळ नव्हतं. आज सांगतो.

वर्षाला दुसरा महिना होता. वणीला माहेरी गेली होती. अंगावर बारीक लाल पुरळ आलं, थोडी कणकण. दोन-तीन दिवसांत सगळं गेलं. तिच्या भाच्यालाही तसंच येऊन गेलं होतं. उष्णता असेल म्हणून सोडून दिलं.

शरयू जन्मली ती अगदी एवढीशी. एक दिवस तेल लावता लावता सासूबाई थांबल्या.
"जावईबापू, जरा इकडं या. पोरीच्या डोळ्यात काय तरी पांढरं दिसतंय."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मोतीबिंदू माझ्या वडिलांना झाला होता. म्हातारपणी.

मग हृदयातही दोष निघाला. रक्ताच्या टेस्टमध्ये कारण कळलं. रुबेला. गरोदरपणी आईला झाला की पोटातल्या बाळाला लागतो. आईला नुसतं पुरळ. बाळाचे मात्र डोळे, कान, हृदय.

वर्षाने एकच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?"

"नाही. आजारामुळे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "लग्नाआधी तुम्हाला लस मिळायला हवी होती. कोणी दिली नाही, कोणी सांगितलं नाही. यात तुमचं काही चुकलेलं नाही."

मग त्यांनी विचारलं, "घरात सध्या कोणी प्रेग्नंट आहे का?"

होती. माझी धाकटी बहीण, मनीषा.

अशा बाळाच्या लाळेतून, लघवीतून हा व्हायरस बरेच महिने दुसऱ्याला लागू शकतो. मनीषाने लस घेतलीय की नाही, तिला स्वतःला माहीत नव्हतं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, बाळाच्या टेस्ट निगेटिव्ह येईपर्यंत तिने जवळ यायचं नाही.

बारशाला नाव आत्या ठेवते. आणि आत्याच येऊ शकत नव्हती.

आई म्हणाली, "दुसऱ्या कोणाकडून तरी उरकून घेऊ."
वर्षा म्हणाली, "नको आई. मनीषाताई येतील तेव्हाच करू."

आम्ही सातपूरला, मनीषा इंदिरानगरला. रिक्षाने जाता येईल एवढं अंतर. तरी वर्षभर तिने भाचीला फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलं. मधे तिला मुलगा झाला. ठणठणीत.

आणि मधेच आम्हाला कळलं की शरयूला ऐकू येत नाही. शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी तिची पापणी हलायची नाही.

टेस्ट क्लिअर आल्या तोवर पोरगी वर्षाची होऊन गेली होती. बारशाला पाळण्यात मावेना. मनीषाने तिला मांडीवरच घेतलं.

आई हळूच म्हणाली, "अगं, तिला ऐकू येत नाही. आम्हालाच मोठ्याने सांग नाव."
मनीषा म्हणाली, "नाव कानात सांगतात. मी कानातच सांगणार."

ती वाकली आणि शरयूच्या कानात म्हणाली, "शरयू."

कानाला गरम श्वास लागला असेल. शरयू खुदकन हसली. आणि कान पुन्हा पुढे केला.

मनीषा रडत होती आणि सांगत होती. शरयू. शरयू. शरयू.

पुढे आमची घरची एक भाषा तयार झाली. बाबा म्हणजे नाकाखाली आडवं बोट. आई म्हणजे कपाळावर टिकली. आत्या म्हणजे कान.

गॅलरीत उभी राहून ती माझ्या कंपनीची बस ओळखायची. बस वळली की बोट नाकाखाली.

हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. हृदय आधीच नाजूक. ॲडमिट केलं.

सिस्टर म्हणाल्या, "चष्मा काढून ठेवा, मास्क नीट बसत नाहीये."
काढला. शरयू दोन्ही हातांनी डोळ्यांवर गोल करून मागत राहिली. दम लागलेला, तरी मागत राहिली.

डॉक्टर म्हणाले, "राहू द्या चष्मा. मास्क मी ॲडजस्ट करतो."

तिने आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कपाळाला बोट लावलं.
दुपारी गेली.

वर्षा त्यानंतर कुठल्याच कार्यक्रमाला गेली नाही. गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाच्या मुलीचा, पूजाचा साखरपुडा होता. तिथे मात्र स्वतःहून निघाली.

जेवणं झाल्यावर पूजाला बाजूला घेऊन म्हणाली, "रुबेलाची लस घेतलीस का गं?"

माझी मामी जवळच बसली होती. "आजच्या दिवशी कशाला हा विषय?"

वर्षा शांतपणे म्हणाली, "आजच काढायचा, मामी. दिवस गेल्यावर ही लस देत नाहीत."

मला वाटलं, विषय तिथेच संपला.

सोमवारी पूजाचा फोन आला. "वर्षाकाकू, मी दवाखान्यात चाललेय लस घ्यायला. तुम्ही येता का सोबत?"

वर्षाने गॅस बंद केला, साडी बदलली आणि गेली.

शरयू, आज घरी सगळे जमतायत.
आम्ही बरे आहोत, बाळा.
तू सुखात राहा.