समुद्रकाठच्या कुरडया

समुद्र दिसण्याआधी आमच्या गाडीत वास सुटला. घाट उतरताना वसुधाने, माझ्या पत्नीने, आधी काच खाली केली आणि मग माझ्याकडे पाहिलं. एसी नागपूरहून निघण्याआधीच दुरुस्त करून घेतला होता, त्यामुळे पहिला संशय मी त्याच्यावरच घेतला. नारळाच्या सावलीत गाडी थांबवून डिकी उघडली. बॅगांच्या मागे, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक मोठा स्टीलचा डबा होता. झाकण काढलं तर आत भिजवलेले गहू.

"आई, हे काय?"

"गहू हायेत."

"ते दिसून राहिलं. पण समुद्रावर काहून?"

"कुरोड्या कराच्या हायेत. गौरीच्या रुखवताच्या."

आदल्या रात्री वाटेतल्या लॉजवर आई बाथरूममध्ये इतका वेळ काय करत होती, ते आता उलगडलं. ती गव्हाचं पाणी बदलत होती.

गौरी म्हणजे माझी मुलगी. मे महिन्यात तिचं लग्न आहे. लग्नाआधी एकदा चौघांनी कुठेतरी जाऊन राहावं, ही कल्पना तिचीच. कोकणातल्या एका लहानशा मासेमारीच्या गावाजवळचा, अगदी वाळूला लागून असलेला बंगला तिने फोनवर पाहून ठरवला. फोटो तिने आजीलाही दाखवले होते. आम्ही त्यात समुद्र पाहिला. आईने गच्ची पाहिली, हे आमच्या ध्यानात आलं नाही.

त्या गच्चीचं महत्त्व आमच्या घरापुरतं सांगायला हवं. आम्ही मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. वडिलांनी माग सोडून नागपुरात नोकरी धरली, तरी उन्हाळा आम्ही उमरेडलाच काढायचो. चैत्र लागला की गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर धुतलेली लुगडी अंथरली जायची आणि त्यांवर कुरडयांची पांढरी फुलं उमटायची. चीक (भिजवलेल्या गव्हाचं सत्त्व) शिजला की पहिली वाटी आम्हा पोरांची. गरम, बुळबुळीत, वर तेल आणि तिखट. ती खाऊन कावळे हाकलायला बसायचं. सकाळी घातलेल्या कुरडया दुसऱ्या दिवशी कडकडीत वाळायच्या. माझ्या दोन्ही बहिणींच्या रुखवतात आईच्याच कुरडया होत्या. दोन वर्षांपूर्वी उमरेडचं घर विकलं. नागपुरात प्रताप नगरच्या आमच्या इमारतीत गच्चीवर सौर पॅनेल आहेत आणि दाराला कुलूप. तेव्हापासून आईचा सोऱ्या (कुरडया घालायचा साचा) माळ्यावर पडून होता. निदान मी तसं समजत होतो. तो तिच्या बॅगेतून निघाला.

"आई, आपल्या सदर बाजारात पाकिटातल्या मिळतात," वसुधा म्हणाली.

"पाकिटातल्या मांडू का नातीच्या लग्नात? मांडवातल्या बाया काय म्हणतीन वं?"

पुढच्या वळणावर समुद्र आला. उन्हात चांदीच्या पत्र्यासारखा सपाट. गौरीने टाळ्या वाजवल्या. आईने हात जोडले आणि विचारलं, "इथून ते गच्चीचं घर किती दूर हाय?"

बंगला छान होता. पांढऱ्या भिंती, ओसरीवर वेताचा झोपाळा आणि पायरी उतरली की वाळू. डावीकडे गाव. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आणि बांबूचे उंच मांडव, त्यांवर एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील. दुपारी जेवायला भात, सोलकढी आणि तळलेली सुरमई मिळाली. आई मांसमच्छी खात नाही. तिने भात आणि कढी घेतली आणि "आंबट हाय, पण बरी हाय," असा निकाल दिला.

त्याच संध्याकाळी गहू मिक्सरमधून काढून, गाळून, चीक रात्रभर निवळत ठेवला. सकाळी आई घाटत होती आणि मी पातेलं धरून होतो. वाफ तोंडावर येत होती आणि बाहेर लाटा. गौरीने चिकाची वाटी ओसरीवर नेऊन समुद्राकडे पाहत खाल्ली. मलाही मिळाली. तीच चव. पन्नाशी उलटलेल्या माणसाला वाटी चाटायला काही हरकत नसावी.

गच्चीवर कुरडया घातल्या तेव्हा मी फोनवर तापमान पाहिलं. नागपूरपेक्षा दहा अंशांनी कमी. म्हणजे एकाऐवजी फार तर दोन दिवस लागतील, असा हिशेब मी आईला सांगितला. आकडा बरोबर होता. हवेतला ओलावा मी त्यात धरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या तशाच. वरून कोरड्या वाटत, बोटाने दाबलं की मऊ. तिसऱ्या सकाळी काहींच्या कडा पिवळट दिसू लागल्या.

"वल्ल्याच (ओल्याच) हायेत," आई म्हणाली. "ऊन तं हाय. मग वाळून काहून नाही राहिल्या?"

शेजारी मासे वाळवणाऱ्या मंजुळाबाई आमची ही धावपळ खालून पाहत होत्या. त्या वर आल्या.

"आजी, लादी घाम सोडते हितं. अधांतरी ठेवा, खालून वारा लागूंदे. माझा एक मांडव रिकामा हाय."

"बोंबलाचा?"

"मग काय, मोगऱ्याचा?"

आई हसली, पण हलली नाही. लग्नाच्या रुखवतात बोंबलाचा वास! तिच्या चेहऱ्यावर मांडवातल्या सगळ्या बाया मला दिसत होत्या. शेवटी मंजुळाबाईंनी एक कोरं जाळं काढलं, बंगल्याच्याच खांबांना ताणून बांधलं, आणि आईने त्यावर लुगडं टाकलं. मग दोघी ओसरीवर बसल्या.

"आमची लेक सासरी जाताना मी सोड्यांची (सुकवलेल्या कोलंबीची) पिशवी दिली," मंजुळाबाई म्हणाल्या. "सासू म्हणाली, घरभर वास. आता तीच फोन करून मागते."

"मंग? देता?"

"देते की. पण दोनदा मागायला लावते."

वाऱ्याने फरक पडला, पण पुरता नाही. संध्याकाळी कुरडया चामड्यासारख्या चिवट झाल्या आणि तिथेच थांबल्या. रात्रीच्या दमटपणात त्या पुन्हा सैल पडणार, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. आईने एक उचलली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"पाकिटातल्या आण गा," ती मला म्हणाली. "माह्याच्यानं आता नाही होत."

तिने हे फार साध्या आवाजात सांगितलं. माझ्या आठवणीत आई स्वयंपाकातल्या कोणत्याही गोष्टीपुढे हरल्याची ही पहिलीच वेळ.

गौरी उठली. "पप्पा, सकाळी निघू. घाटावरच्या कोरड्या हवेत वाळतील."

"अजून एक दिवस आहे. भाडं परत मिळणार नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. कोणी ऐकलं नाही.

पहाटे निघालो. मंजुळाबाईंनी खांबांना बांधलेलं जाळं सोडलं आणि आईच्या हातात चार कोकमं ठेवली. मागच्या सीटवर आई आणि गौरी, दोघींच्या मांडीवर ताणलेलं लुगडं, त्यावर कुरडया, वरून गौरीची ओढणी. घाट चढून वर आलो तशी हवा हलकी झाली. वाटेत मुक्काम केला तेव्हा लुगडं लॉजच्या पंख्याखाली पसरलं. दुसऱ्या दिवशी वेगाचा महामार्ग टाळून मी जुना रस्ता धरला, एसी बंद केला आणि चारही काचा उघडल्या. वऱ्हाडात शिरलो तेव्हा तव्यावरून यावी तशी झळ आत आली. एरवी याच झळेला मी आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत. वसुधा ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसली होती. मागून ट्रक हॉर्न देत पुढे जात होते. उजवी-डावीकडे पळस, काळी रानं, ओसाड नाले. माझ्या लहानपणी उमरेडला जाताना एसटीच्या खिडकीतून हाच वारा तोंडावर यायचा, आणि आई पदराने माझं कपाळ पुसायची.

अमरावती मागे पडल्यावर मागून आवाज आला. आईने दोन कुरडया एकमेकींवर आपटल्या होत्या. खट्.

"वाजल्या," ती म्हणाली. त्यानंतर नागपूर येईपर्यंत ती झोपली.

काही तुटल्या, काही पिवळ्या पडल्या म्हणून काढून टाकल्या. एक परात नीट भरेल एवढ्या उरल्या. मी समुद्र पाहायला गेलो होतो आणि तो पाहिलाही. पण कोणी विचारलं तर मी त्या उघड्या काचेतून येणाऱ्या गरम वाऱ्याबद्दलच बोलू लागतो, असं वसुधा म्हणते.

घरी पोहोचल्यावर वसुधाने तेल तापवलं. कुरडई फुलून कढईभर झाली. आईने आधी वास घेतला, मग एक तुकडा गौरीला दिला.

"थोडी खारट लागते, आजी."

"समुद्राचा वारा लागला. चालते."

"सासरी सांगीन, खास समुद्रावर जाऊन वाळवल्या म्हणून."

"काही नको सांगू वं," आई घाईने म्हणाली. "म्हणतीन, नागपूरच्या लोकाइले घरी ऊन नाही भेटत का?"