पांढऱ्या थीममधली पत्रिका

माझ्याच बायकोशी माझं दुसऱ्यांदा लग्न ठरलं, तेव्हा तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन विश्रांतवाडीच्या विहारात करायचं होतं. माझी इच्छा एवढीच, की सुनंदाचं निमंत्रण तिच्यासारखं नीटनेटकं जावं. आमची मुलगी प्रज्ञा खराडीत सॉफ्टवेअर लिहिते. तिनं माझ्या फोनमध्ये पत्रिकांचं ॲप टाकून दिलं.

"पप्पा, साठ थीम आहेत यात!"

"एक पुरली असती. आपलं एकच माणूस गेलंय."

"युजरला चॉइस हवा असतो, पप्पा."

(युजर म्हणजे मी. चॉइस मी मागितला नव्हता.)

पंधरा दिवस मी थीम पाहत होतो. फुगे, मोरपिसं, एकीत तर विमान! शेवटी एक सापडली: पांढरी शुभ्र, कडेला पिंपळपान, तळाशी कमळ. ती करणाऱ्या अज्ञात माणसाबद्दल मला आदरच वाटला. ती दोन फोटो मागत होती. एक सुनंदाचा दिला, निमंत्रक म्हणून दुसरा माझा. मजकुरातले अनुस्वार तीनदा तपासले आणि पत्रिका साऱ्या नातेवाइकांना पाठवली.

दहा मिनिटांत येरवड्याहून मेहुण्याचा, मिलिंदचा फोन.

"दाजी, अभिनंदन!"

"कशाबद्दल रे?"

"लग्नाबद्दल. मुलगी चांगली आहे. आमच्याच घरची."

आम्हा बौद्धांकडे नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते आणि शोकसभेलाही पांढरंच नेसतात. ॲपला यातलं फक्त पहिलं ठाऊक होतं. पहिल्या पानावर थीमनं स्वतःहून 'मंगल परिणय' छापलं होतं, आमच्या दोघांच्या फोटोंना एकच हार घातला होता आणि वरून पाकळ्या उधळल्या होत्या! माझे तपासलेले अनुस्वार दुसऱ्या पानावर होते. (लोक पान उलटतात, हा पुस्तकं वाचणाऱ्यांचा गैरसमज आहे.)

मी घाईघाईनं थीम बदलली. ॲपनं नवी प्रत तत्परतेनं सगळ्यांना परत पाठवली. या वेळी फुगे होते.

"दाजी, बारसं पण लगेच?" मिलिंदनं विचारलं.

मी प्रज्ञाला फोन लावला. ती म्हणाली, "पप्पा, फोन टेबलावर ठेवा आणि लांब उभे राहा."

हसणाऱ्यांचं मला काही नव्हतं. धास्ती होती ती सासूबाईंची. त्यांची लेक गेली होती, आणि जावयानं तिची अशी वरात काढली होती.

स्मृतिदिनी विहारात वंदना संपली आणि त्यांनी मला जवळ बोलावलं. हातात फोन, त्यावर ती पहिली पत्रिका. मी मान खाली घालून उभा राहिलो.

बराच वेळ त्या फोटोवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "जोडा शोभतोय हो, जावई."

तीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं एकदाही म्हटलं नव्हतं! मला भरून आलं. घरी येऊन मी तो फोटो मोठा करून पाहिला.

थीमनं ते पिंपळपान नेमकं माझ्या टकलावर बसवलं होतं.