खाटेच्या पायथ्याशी वेंकूबाई

तंजावरच्या त्या इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डाबाहेर पाटी होती. वर इंग्रजीत, खाली तमिळमध्ये, धूम्रपान करू नये. पाटीच्या लाकडी चौकटीवर काड्या ओढल्याचे काळे फराटे होते. त्यावरून आत काय चालतं ते कुणालाही कळलं असतं.

पाटीचं काम खरं करायची ती वेंकूबाई. वॉर्डातली आया. रोग्याच्या उशीखाली हात घालून ती सुरुट्टु, म्हणजे तिकडचा तो जाड काळा चिरूट, काढून घ्यायची, त्याला खाटेचा नंबर लिहिलेली चिंधी बांधायची आणि आपल्या पितळी पानाच्या डब्यात ठेवायची. “घरी जाताना घेऊन जा. तुझं तुला.” आपला माल सुखरूप आहे म्हटल्यावर कुणी फारशी कुरकूर करत नसे. मोठे डॉक्टर मात्र ओठांत सिगारेट ठेवूनच राउंड घेत. त्यांच्या उशीखाली हात कोण घालणार?

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात तिचे सासरे अप्पाजी अंतर्गळाच्या ऑपरेशनसाठी याच वॉर्डात आले. दुसरीकडे जायला तयारच नव्हते. नवऱ्याला, सेतुरामला, वाटलं, म्हाताऱ्याला सुनेची माया लागली.

कॉफी पिऊन होताच मामंजींनी सुनेच्या डोळ्यांदेखत सुरुट्टु शिलगावला, तेव्हा वेंकूबाईला ती माया कळली. त्यांच्या मराठा घरात सून सासऱ्यासमोर बोलत नसे, बसत नसे. लग्न होऊन आल्यापासून दोघांत एक शब्द झाला नव्हता. काही सांगायचं झालं तर मामंजी सोप्यातल्या खांबाला सांगत, आणि ती तुळशीला. मोठ्यांच्या उशीखाली हात घालणं तर स्वप्नातही शक्य नव्हतं. कोर्टात बेलीफ म्हणून जन्म गेलेला माणूस, कायदा कुठे लंगडा आहे ते बरोबर ओळखून आला होता.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. छातीतली घरघर थांबल्याशिवाय भूल देणार नाही, आणि ढास लागली तर टाके उसवतील. आतडं एकदा अडकून सुटलं होतं. पुन्हा अडकलं तर जीवावर बेतणार होतं. वडिलांना समजवा म्हणून वेंकूबाईने सेतुरामला गळ घातली. त्याने वडिलांच्या पायांकडे बघत हवापाण्याची चौकशी केली आणि दुकान उघडायला निघून गेला.

शेजारच्या खाटेवर पापनाशमचा एक गाडीवान पाय मोडून पडला होता. त्याने हात पुढे केला. “आयाम्मा, माझाही परत दे. की तुझा कायदा फक्त परक्यांना?”

हे तिला लागलं. त्यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी काडी ओढली आणि वेंकूबाई येऊन खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. डोक्यावर पदर, नजर फरशीवर. मोठ्यांसमोर सून आली की त्यांनी जा म्हणेपर्यंत उभं राहायचं, ही घरचीच रीत. घरी मामंजी खाकरून ओट्यावर निघून जात, म्हणून तिचं काम कधी अडलं नाही. इथे त्यांना जायला ओटा नव्हता.

मामंजींनी डोळे मिटले. सुरुट्टु बोटांत धुमसत राहिला. सून अशी समोर ताटकळत उभी असताना झुरका घेणं काही त्यांना जमेना. तिकडे कुणी बेडपॅनसाठी हाका मारू लागलं, कुणी पाण्यासाठी. कॉफीच्या पिंपावर माश्या जमल्या. वेंकूबाई हलली नाही.

“पेरियवरे,” गाडीवान म्हाताऱ्याला मानाने हाक मारून म्हणाला, “तुमच्या सुनेला इथे पालवी फुटेल, पण आम्हाला तोवर दम निघायचा नाही.”

सगळा वॉर्ड हसला. मामंजींनी डोळे उघडले. आसपास खांब नव्हता, सलाइनची बाटली टांगायची दांडी होती. त्यांनी त्या दांडीकडे तोंड केलं.

“दांडे, तिला सांग, जा म्हणावं.”

वेंकूबाईनेही दांडीकडेच पाहिलं. “दांडे, त्यांना म्हणावं, हातातलं विझलं की जाते.”

मामंजींनी सुरुट्टु वाडग्यात चिरडला. ती तरी उभीच. मग उशीखालून एक निघाला, आणि बराच विचार करून पागोट्यातून दुसरा. दोन्हींना चिंध्या बांधून तिने डबा मिटला आणि बेडपॅन आणायला धावली.

घरघर ओसरली, ऑपरेशन झालं. डॉक्टर टाके बघायला आले ते नेहमीसारखेच. सिगारेटीची राख लांबत लांबत थेट मामंजींच्या पोटावर आली. वेंकूबाईने पदर डोक्यावर ओढला आणि पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

“काय आया, काय हवं?” डॉक्टरांनी विचारलं. तिची नजर फरशीवर. पलीकडून कुणी हाक मारली, तरी ती तिथेच.

“डॉक्टर, विझवा ती,” मामंजी पडल्यापडल्या म्हणाले. “आमची सून आहे. आता हलायची नाही.”

डॉक्टर आधी हसले. मग वॉर्डभर बघितलं, तर एकही रोगी हसत नव्हता. सिगारेट विझवायला भांडं शोधू लागले, तेव्हा वेंकूबाईने पितळी डबा उघडून पुढे धरला.

डॉक्टर गेल्यावर ती अर्धी सिगारेट आणि कोरी चिंधी हातात घेऊन घुटमळली. डॉक्टरांना खाटेचा नंबर नव्हता.

“माझ्याच नंबरावर ठेव ग,” मामंजी म्हणाले. या वेळी दांडीकडे न बघता.