पुलावर वितळणारी कवळी

कवळीवाल्या ताईंनी केलेले दात लावून म्हातारी माणसं अख्खं सफरचंद चावून खायची. नवरा गेल्यावर त्याचं दुकान ताईंनी चालवलं. निम्मं काम यायचं पुलापलीकडच्या देशातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून. आधी मेणात दात बसवायचे, पेशंटच्या तोंडात घालून बघायचे, मगच कवळी पक्की करायची. म्हणजे एकेका कवळीपायी पुलावर हेलपाटेच हेलपाटे.

पूर्वी त्याचं काही वाटायचं नाही. मग शेजारच्या सगळ्या देशांनी एकमेकांचा माल न अडवण्याचा करार केला. आपल्या सरकारने सही केली नाही ती नाहीच, वर दम दिला, की आम्हाला मागे टाकून कुणी पुढे जायचं नाही. स्वतः चालायचं नाही आणि दुसरा निघाला की त्याचा सदरा ओढायचा! करारातल्यांच्या गाड्या सुसाट सुटायच्या. आपल्याकडचा माल मात्र तपासणीला अडायचा. ताई त्या मालाच्या रांगेत, भर उन्हात, मांडीवर डबा घेऊन. मेण मऊ पडायचं, दात कलंडायचे.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या, पण पेशंट किती दिवस बोळक्या तोंडाने बसणार? त्यांनी सांगून टाकलं, आता पुन्हा असं झालं तर काम इकडच्याच कुणालातरी देईन. माझ्या दवाखान्यामागची खोली रिकामी आहे, तिथे येऊन काम करा, असंही त्या म्हणाल्या. नवऱ्याचं दुकान सोडवेना, म्हणून ताईंनी पुढच्या खेपेला डब्यात बर्फ भरला. गारठ्याने मेण तडकलं. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं, तर दात सुटे होऊन पाण्यात पडलेले. त्यांनी झाकण लावलं आणि डबा परत दिला.

ताई घरी आल्या, तर धाकटे दीर आलेले. ते सरकारात मोठ्या हुद्द्यावर. चहा पिता पिता ते समजावू लागले, की जायचं तर सगळ्यांनी एकदम, नाहीतर कुणीच नाही, हे आपलं तत्त्व आहे.

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "अरे, सगळे केव्हाच गेले. तूच उंबऱ्यात उभा आहेस."

"आई, तू थांब. वहिनी, हे धोरण असतं. तुम्हाला नाही कळायचं."

ताई किटली घेऊन वळल्या. "भावजी, तुमचं ते धोरण मी मांडीवर घेऊन बसते. ते उन्हात वितळतं आणि बर्फात तडकतं. मला नाही कळत, तर कुणाला कळतं?" मग त्यांनी सांगून टाकलं, की उद्यापासून आपण पलीकडच्या खोलीत बसणार.

"म्हणजे दादाचं दुकान बंद करणार तुम्ही?"

"मी नाही. तुम्ही केलंत."

दिरांनी कप खाली ठेवला. सासूबाईंनी त्यांना आणखी चहा विचारला नाही.

सकाळी ताई माणसांच्या रांगेतून रिकाम्या हातांनी पूल ओलांडून गेल्या. त्यांना कुणीही अडवलं नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप आला.