बूट घातलेला भूप

पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी कोल्हापूरहून आचऱ्याला परतले, तेव्हा माझ्यापुढे एकच प्रश्न होता आणि घरच्यांपुढे एकच उत्तर. एम.एस्सी.साठी मुंबईला कशी जाऊ, हा प्रश्न. जाऊ नकोस, हे उत्तर. बाबांचा शिक्षणाला विरोध नव्हता. त्यांचे बाजारात किराणा दुकान होते, आणि कोणताही माल मागवण्यापूर्वी तो ठेवायचा कुठे, हे ते आधी पाहत. मुंबईत आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती. तिच्यात गिरणीतले पुरुष पाळ्या लावून झोपत. तिथे मुलगी ठेवता येत नव्हती. वसतिगृहांविषयीचे त्यांचे मत निव्वळ ऐकीव होते आणि म्हणूनच अत्यंत पक्के होते. दरम्यान कणकवलीचे एक स्थळ आमच्या उत्तराची वाट पाहत होते.

बाबांना वळवू शकेल अशी घरात एकच व्यक्ती होती: त्यांचे थोरले बंधू, म्हणजे माझे काका. काका भजनी बुवा होते. त्यांचा शब्द बाबा मोडत नसत. पण तो शब्द मिळवायचा तर काकांना माझी गरज पडायला हवी होती, आणि भजनी बुवाला पदार्थविज्ञानाची गरज पडावी असा प्रसंग मला सुचत नव्हता. तो एका ट्रान्झिस्टरने घडवून आणला.

माझा मामा मालवाहू बोटीवर कामाला होता. त्याने रजेवर येताना तो आणून दिला. गावात तेव्हा वीज नव्हती. पेटीएवढे रेडिओ दोन-तीन घरी होते, पण हाताच्या ओंजळीत मावणारा हा पहिलाच. घरातल्या बाकीच्यांनी तो बातम्यांवर लावून ठेवला. मी तांब्याची तार खिडकीतून काढून अंगणातल्या माडाला बांधली आणि लघुलहरींचा पट्टा केसाकेसाने तपासायला घेतला. दूरच्या केंद्राच्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आदळून परत जमिनीवर येतात, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिले होते. त्या खरोखरच येतात, याची खात्री मात्र आचऱ्याच्या आमच्या मागच्या पडवीत झाली.

पहाटे अमेरिकेतले एक केंद्र लागे. तिथे माणसे एकेकटी गात. मागे वाद्यवृंद नाही, गळ्याला तालीम नाही. एक गिटार आणि सांगण्यासारखे काहीतरी. एक बाई इतक्या सावकाश गाई, की दोन ओळींच्या मध्ये नारळाची अर्धी कवड खवून होई. एक डोंगराळ मुलखातला म्हातारा सगळे सूर नाकातून काढी, आणि काही दिवसांनी तेच मला योग्य वाटू लागले. एक तरुण होता; त्याचा आवाज गंजलेल्या रहाटासारखा, पण मध्येच तो माउथ ऑर्गन वाजवी आणि मग त्याचे सगळे गुन्हे माफ होत. निवेदक सांगे, की हे स्वतःच शब्द लिहितात, स्वतःच चाल लावतात आणि स्वतःच गातात. मी लहानपणापासून नाट्यगीते आणि सिनेमागीते ऐकत वाढले होते. गाणे ही अनेकांनी मिळून करायची गोष्ट असते, या माझ्या गृहीतकाला हा सरळ अपवाद होता. अपवाद सापडला की मला राहवत नाही. मी त्यांच्या मागे लागले.

एका सकाळी काका चहाची वाटी घेऊन पडवीत आले आणि त्याच क्षणी निवेदकाने खणखणीत आवाजात 'फोक' हा शब्द उच्चारला. आमच्याकडे फोक म्हणजे मास्तरांच्या हातातली लवचिक छडी. शिवाय त्याच अक्षरांनी सुरू होणारी एक शिवी मालवणी माणसाला अंगाईइतकी परिचित असते.

चुलीपाशी बसलेल्या काकीने फुंकणी थांबवली. "काय म्हणता तो मेलो? सकाळच्या पारी?"

"शिवी नाही, काकी. फोक म्हणजे लोक. लोकांचं गाणं."

काकांनी कान लावला. "लोक खंय आसत? हो तर एकटोच रडता."

"तोच लिहितो, तोच चाल लावतो, तोच गातो."

"म्हंजे बुवाच तो," काका म्हणाले आणि खाली बसले. माउथ ऑर्गन सुरू झाला. "पेटीक दमो झालो काय गो?"

"ती पेटी नव्हे, तोंडानं वाजवायचं वाद्य आहे. तेही तोच वाजवतो. गळ्यात तार अडकवून त्यावर बसवलेलं असतं."

"हात, तोंड, गळो, सगळा एकट्याचाच? टाळकरी टिकले नसतीत त्याच्याकडे. स्वभाव वायट असतलो."

पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी मांडीवर ताल धरून म्हणाले, "दादरो आसा. आणि ह्यो भूप. पण पायात बूट घातलेलो भूप." त्या गाण्याचे याहून नेमके पृथक्करण मी आजवर कुठे ऐकलेले नाही.

आता काकांची अडचण सांगायला हवी. आमच्याकडे डबलबारी होते: दोन बुवा आपापली मंडळी घेऊन देवळात समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने भजने म्हणतात. भक्ती असतेच, परंतु श्रोते जमतात ते एकमेकांना मारलेल्या टोमण्यांसाठी. बुवा चाली इकडूनतिकडून उचलतात, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र समोरच्याने मूळ गाणे ओळखून ते जिथल्या तिथे म्हणून दाखवले, की फजिती पूर्ण होते. पलीकडच्या गावचे बुवा या कलेत तरबेज होते. काकांनी कोणत्याही सिनेमाची चाल घेतली, की हे बुवा दुसऱ्या ओळीला मूळ गाणे म्हणायला लागत, वर नायिकेसारखी मानही वेळावत. आणि सप्ताहाच्या समाप्तीची बारी पुन्हा त्यांच्याशीच ठरली होती.

"काकानू," मी म्हटले, "अशी चाल देतंय, की तेंका जन्मात वळखूक गावची नाय." कामाचे असले म्हणजे मी मालवणीवर येते.

काकांनी माझ्याकडे पाहिले, मग ट्रान्झिस्टरकडे. "आणि बदल्यात काय होया?"

"बाबांकडे शब्द टाकायचा. मुंबईचा."

"आणि गावली तर?"

"तर कणकवलीवाल्यांसमोर पोह्यांची बशी घेवन येतंय."

"हसत?"

"हसत."

चाल निवडली ती रहाट-आवाजाच्या तरुणाची. निवेदकाच्या सांगण्यानुसार त्या गाण्यात सासऱ्याची मोटार परस्पर विकून दारू प्यालेला एक जावई आपली कैफियत मांडतो, पश्चात्तापाचा लवलेशही न बाळगता. अर्थ काय, असे काकांनी विचारले तेव्हा मी ताटातुटीचे गाणे असल्याचे सांगितले. सासरा आणि मोटार यांच्या दृष्टीने ते तंतोतंत खरे होते. एक उणीव राहिली: धृपद संपले की आवाज दरवेळी विरून जाई, त्यामुळे अंतरा मला कधीच ऐकता आला नाही. काकांनी त्याची फिकीर केली नाही. धृपदावर विठ्ठलाचे शब्द स्वतः रचून बसवले आणि अंतऱ्याच्या जागी नामाचा गजर घातला.

समाप्तीच्या दुपारी महाप्रसादानंतर बारी उभी राहिली. बायकांच्या बाजूला काकीशेजारी मी बसले होते. काकांनी चाल सुरू केली. पखवाजवाला पहिल्या आवर्तनाला चाचपडला, दुसऱ्याला सापडला, आणि मग टाळांसकट सगळे देऊळ त्या बुटातल्या भुपावर डुलू लागले. पलीकडचे बुवा डोळे मिटून ऐकत होते. गाणे संपले. डोळे मिटलेलेच. काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

मग बुवांनी डोळे उघडले. "चाल माका माहीत आसा," ते शांतपणे म्हणाले. "माझो आजो दर्यात वल्ही मारताना हीच चाल म्हणत होतो." आणि लगेच हात जोडून, देवाला घालतात त्या गाऱ्हाण्याच्या सुरात, "लोकांच्या आज्याची चाल परत करूची बुद्धी ह्या बुवाक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे देऊळ ओरडले.

सर्वांत थक्क करणारी गोष्ट अशी, की पुढे बसलेल्या दोन-तीन वृद्धांना ती चाल आठवू लागली. एकाला तर बुवांच्या आजोबांची होडीसुद्धा आठवली. काकांच्या मिशीवरचा हात खाली आला. मला पोह्यांची बशी दिसली, वर पेरलेल्या खोबऱ्यासकट.

उठून खरे सांगणे शक्य होते. मग निकाल आमच्या बाजूने लागला असता, परंतु सासऱ्याच्या मोटारीवर विठ्ठल बसवणाऱ्या काकांना त्या देवळात पुन्हा कुणी पेटी लावू दिली नसती. अशा वेळी सत्य कुचकामी असते, प्रयोग हवा. मी काकीच्या कानात दोन वाक्ये सांगितली. काकीचा आवाज आमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, खाडीपार ऐकू जातो.

"ओ बुवानू! तुमच्या आज्यान निसता धृपदच म्हटला? अंतरो वल्ह्याबरोबर पाण्यात पडलो काय?"

हशा झाला. बुवांनी क्षणभर छताकडे पाहिले आणि अंतरा म्हटला. तो फारच सुंदर होता. मूळ गायकालाही तो बहुधा साधला नसता. श्रोत्यांनी माना डोलावल्या. खटला संपल्यासारखा झाला.

"आता दुसरा सांगतंय, ता म्हण," मी काकीला हळूच म्हटले.

काकीने पदर सावरला. "काय गोड अंतरो! परत म्हणा, बुवानू. माका शिकूचो आसा."

स्तुतीला नकार देणारा बुवा अजून जन्मायचा आहे. त्यांनी पुन्हा म्हटला. या वेळी सूर वर गेला होता, तो खाली आला.

"माझ्या लक्षात रवलो नाय. आणखी एकदा?"

तिसऱ्या वेळी तो भलत्याच दिशेने गेला आणि नेमका धृपदाच्या दारापाशी चुकला. जे आठवते ते पुन्हा तसेच येते. जे त्या क्षणी रचले जाते ते येत नाही. हे सर्वांत आधी पखवाजवाल्याला कळले, कारण समेवर हात मारायला तो एकटाच उरला होता. तो हसू लागला. त्याच्यामागून टाळकरी, मग सगळे देऊळ.

काकी निरागसपणे म्हणाली, "आज्याक तीन अंतरे येत होते?"

बुवांनी दोन्ही हातांनी कान धरले. तेही हसत होते. "आज्याक मी उगाच वल्ही मारूक लावलंय. चाल माका माहीत नाय."

काकांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत त्यांनी बाबांना सांगितले, की पोरगी मुंबईस जातली. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "दादा, तुम्ही म्हणताय तर जाऊ दे. पण रवतली खंय?" शब्द टाकता येतो. खोली टाकता येत नाही.

अशा वेळी खळ्यात पलीकडच्या गावचे बुवा उभे. ते रात्रभर ती चाल गुणगुणत होते आणि त्यांना झोप लागली नव्हती. विषय कानावर पडताच ते म्हणाले, "माझी बहीण गिरगावात आसा. दोन खोल्यांत एकटीच. सोबत मिळाली तर देवच पावलो म्हणात." बाबांचा चेहरा, कोठारात मोकळी जागा सापडल्यावर व्हायचा तसा झाला. "पण एक अट," बुवा माझ्याकडे वळले. "काल काकीच्या मागे कोण होती, ता माका दिसला. चाल खंयसून हाडलंस?"

मी सरळ उत्तर दिले. अमेरिकेतला गायक, गिटार, माउथ ऑर्गन, सासरा, मोटार, दारू. काहीही गाळले नाही.

बुवा हसू लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सांगूचा नसात तर नको सांगू गो! पण सासऱ्याची मोटार! अगो, काय डोक्या आसा तुझा! बहिणीक आजच कळवतंय."

काका मात्र हसत नव्हते. मी थट्टा करत नाही, हे माझ्या जन्मापासून त्यांना ठाऊक होते; गाण्यातली ताटातूट कुणाची, हे आता कळले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, अजून थट्टाच समजून हसणाऱ्या बुवांकडे पाहिले आणि घाईने आत हाक मारली.

"अगो, हिची ट्रंक काढ माळ्यावरसून."

"कॉलेज तर पुढच्या महिन्यात," बाबा म्हणाले.

"आत्ता काढ म्हटलंय ना!"